रंगभूमीचा सातबारा

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले, तेव्हा अवघा मराठी मुलूख हळहळला. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१५ साली ‘पॅलेस थिएटर’ म्हणून खुले झालेले ते नाट्यगृह जसे होते तसे पुन्हा उभे राहावे, ही मागणी राख थंड होण्याआधीच पुढे आली. त्याआधी, २०२३ च्या अखेरीस, परळचे १९२२ सालचे दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झाले आणि रंगकर्मी रस्त्यावर उतरले. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्बांधणीचा नुसता विषय निघाला तरी शहर अस्वस्थ होते. ही आस्था खरी आहे आणि ती हवीच. पण ऐतिहासिक रंगस्थळ म्हणून जे आपल्या डोळ्यांसमोर येते, त्याला छप्पर असते, पडदा असतो, खुर्च्या असतात, उद्घाटनाची कोनशिला असते आणि ते शहरात असते. ही व्याख्या मान्य केली की महाराष्ट्राचा फार मोठा भाग रंगस्थळांच्या नकाशावरून पुसला जातो. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यातले विंचूर हे अशा भागातले एक गाव. तिथे एकही नामांकित जुने नाट्यगृह नाही. म्हणून या परिसराला रंगपरंपरा नाही असे कुणी म्हणणार असेल, तर तो दोष परिसराचा नसून व्याख्येचा आहे. माझे म्हणणे असे की रंगस्थळ तीन गोष्टींनी बनते: ठरलेली जागा, ठरलेली तिथी आणि तिथे जमण्याचा सगळ्यांचा हक्क. इमारत असली तर ती या तिन्हींची सोय करते. नसली तरी हे तिन्ही टिकतात तोवर रंगस्थळ टिकते. विंचूरसारख्या गावांत आज नेमके हे तिन्ही हातचे निसटते आहेत, आणि तिथे जळणारी इमारत नसल्यामुळे कुणी हळहळतही नाही.

मराठी रंगभूमीचा इतिहास या म्हणण्याच्या बाजूने साक्ष देतो. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले ते सांगलीकर पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ साली चिंतामणराव पटवर्धन निवर्तले, आश्रय तुटला आणि भाव्यांनी मंडळी घेऊन वाट धरली. १८५३ साली ते मुंबईच्या ग्रँट रोडवरील थिएटरात पोचले. म्हणजे मराठी नाटक जन्मले दरबारात, पण पोटापाण्याला लागले ते फिरतीवर. पुढची साठ-सत्तर वर्षे नाटक मंडळ्या गावोगाव मुक्काम टाकत हिंडल्या आणि जिथे मुक्काम तिथे रंगभूमी असा व्यवहार राहिला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ लागले खरे. पण किर्लोस्कर मंडळी मोठी झाली ती अशाच दौऱ्यांवर. कायमची थिएटरे या फिरत्या वाटेवरचे थांबे होते. त्यांतला नाशिकचा थांबा म्हणजे विजयानंद थिएटर. २१ डिसेंबर १९०९ रोजी तिथे किर्लोस्कर मंडळींचा ‘शारदा’चा प्रयोग होता. बदली होऊन निघालेले कलेक्टर जॅक्सन त्या खेळाला आले आणि अनंत कान्हेरे यांनी तिथेच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याला फासावर गेले. ज्या वास्तूत देशाच्या इतिहासाचे एक पान लिहिले गेले, तीसुद्धा पुढे नाटकाची राहिली नाही. तिचे चित्रपटगृह झाले. इमारत कितीही ऐतिहासिक असली तरी तिच्या आधाराने कला टिकतेच असे नाही, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

आता विंचूरकडे वळू. पेशवाईतले सरदार विठ्ठल शिवदेव यांना हा मुलूख मिळाला आणि ते घराणे विंचूरकर झाले. शेजारचे येवलेही याच जहागिरीत आले. त्या काळात नाशिक-संगमनेरचा हा पट्टा शाहिरांचा होता. सिन्नर तालुक्यातल्या बावीचे परशराम शिंपीकाम करत लावण्या रचत होते. संगमनेरचे अनंत फंदी फड गाजवत होते आणि उत्तरायुष्यात कीर्तनाकडे वळले. एकच माणूस फडावर उभा राहतो आणि देवळातही उभा राहतो, यावरून त्या काळची रंगस्थळे किती जवळजवळ होती हे कळते. जहागिरीच्या गावात खेळाची जागा तीनपैकी एक असे: वाड्याचा चौक, देवळाचा सभामंडप किंवा वेशीबाहेरचे मैदान. चौकात बोलावणे धन्याचे, मंडपात देवाचे, मैदानात गावाचे. या तिन्हींत प्रेक्षक वेगळा, मोबदला वेगळा आणि मर्यादाही वेगळ्या. मराठी प्रयोगकलांची घडण या तीन जागांनी केली आहे. कीर्तनातली पूर्वरंग-उत्तररंगाची ठेवण मंडपात शोभते; गण, गौळण, बतावणी आणि मग रात्रभर चालणारा वग ही तमाशाची लांबलचक मांडणी मैदानातल्या, येत-जात राहणाऱ्या गर्दीच्या सवयीतून बांधली गेली आहे. जागा बदलली की कलेची लांबी, आवाज आणि भाषा बदलते.

विंचूरकरांचे नाव आधुनिक महाराष्ट्राच्या रंगइतिहासात आणखी एका जागी आहे आणि ते सहसा कुणी रंगइतिहास म्हणून वाचत नाही. पुण्यात सदाशिव पेठेतल्या विंचूरकर वाड्यात लोकमान्य टिळक राहत होते. १८९२ साली विवेकानंद त्यांच्याकडे उतरले ते याच वाड्यात, आणि १८९४ साली टिळकांचा सार्वजनिक गणपती बसला तोही इथेच. १९०५ साली तो गायकवाड वाड्यात गेला. एका सरदाराच्या खासगी चौकात सार्वजनिक उत्सव भरला ही साधी घटना नाही. वाड्याचा चौक धन्याच्या बोलावण्यावर चालत होता. तो आता वर्गणीवर आणि लोकांच्या येण्यावर चालू लागला. गणेशोत्सवाच्या मंडपाने मेळे दिले, पोवाडे दिले, व्याख्याने दिली आणि कितीतरी नटांना आयुष्यातली पहिली टाळी दिली. शहरातल्या गल्लीपासून खेड्यातल्या पारापर्यंत दरवर्षी दहा दिवस उभा राहणारा हा मंच म्हणजे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे नाट्यगृह होय. फक्त त्याला भिंती नाहीत. आणि त्याचे बळ कशात आहे? जागा ठरलेली, तिथी ठरलेली, येण्याला अडसर नाही. वर सांगितलेल्या तीन गोष्टी इथे एकत्र आल्या म्हणून तो सव्वाशे वर्षांहून अधिक काळ उभा आहे.

हीच गोष्ट यात्रेची. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, निफाड सोडल्यानंतर विंचूरच्या अलीकडे नैताळे लागते. पौष पौर्णिमेला तिथे मतोबा महाराजांची यात्रा भरते. यात्रा म्हटली की पाळणे, खेळणी, कुस्त्या आणि तंबू आलेच. तमाशाचे अर्थकारण पूर्णपणे अशा तिथींवर उभे आहे. हंगाम दसऱ्याला उघडतो आणि उन्हाळ्यात यात्रा संपल्या की मिटतो. नारायणगावला फडमालकांच्या राहुट्या पडतात, गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसे तिथे येतात, सुपारी ठरते आणि त्या आगाऊ रकमेवर शंभराच्या घरातल्या माणसांचा फड पुढचे दिवस काढतो. एखाद्या गावाने यंदा तमाशा नको म्हटले, तर त्या फडाचा त्या रात्रीचा घास गेला. करोनाच्या काळात यात्राच बंद झाल्या, तेव्हा नामवंत फडही कर्जात बुडाले. कारण त्यांचे नाट्यगृह म्हणजे ती तिथी होती आणि ती रद्द झाली होती. याच्या उलट सिंधुदुर्गातला दशावतार पाहावा. देवळासमोरची जागा, बसायला आणि सिंहासनालाही एकच बाकडे, एवढ्यावर तो रात्र जागवतो. नेपथ्याच्या नावाने काही नाही. पण कुठल्या देवळाच्या जत्रेला कुठल्या मंडळाने खेळ करायचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. जागा आणि तिथी पक्की असल्यामुळे नव्या मुलाला या कलेत येताना पुढचे वर्ष दिसते. कला टिकते ती अशा खात्रीवर.

या म्हणण्यावर पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा की जुन्या रंगस्थळांचे हे गुणगान भाबडे आहे. वाड्याचा चौक सरंजामी होता. देवळाचा मंडप अनेकांना बंद होता. तमाशा उभा केला तो महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या कलावंतांनी. गावाने त्यांची कला पाहिली आणि त्यांना वेशीबाहेर ठेवले. दौलतजादा करणारे हात कलावंत स्त्रीकडे कोणत्या नजरेने पाहत होते हे सांगायला नको. हा आक्षेप शब्दश: खरा आहे आणि त्याला वळसा घालून पुढे जाता येणार नाही. पण त्याचे उत्तर याच परिसराच्या इतिहासात आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. देवळाची दारे उघडली नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात, जुन्या विंचूरकर जहागिरीतल्याच गावात, डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, ती खुल्या सभेत. याच काळात नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातली देवस्तुती आणि शृंगार बाजूला सारला आणि त्या जागी शिक्षण, स्वाभिमान आणि हक्काची भाषा आणली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक हीच परंपरा गावोगाव गात फिरले. या जलशांना कुठले नाट्यगृह मिळाले? वस्तीतले पटांगण, बाजाराची जागा, यात्रेचे मैदान. सभामंडप ज्यांना नाकारला गेला त्यांनी मैदानाचे रंगस्थळ केले. म्हणून मी जतनाची मागणी करतो ती वाड्यातल्या मानाची आणि मंडपातल्या सोवळ्याची नाही. ती आहे सर्वांना मोकळ्या असलेल्या जागेची. ‘सगळ्यांचा हक्क’ हा तिसरा घटक जिथे नव्हता तिथले रंगस्थळ अपुरेच होते, आणि तो हक्क मिळवला गेला तो मैदानात. मैदान गेले तर सगळ्यांत आधी नुकसान होईल ते ज्यांच्याकडे दुसरी जागा कधीच नव्हती त्यांचे.

दुसरा आक्षेप कलेच्या दर्जाचा. नाटकाला अंधार लागतो, शांतता लागते, कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोचावी लागते. पाराभोवती कानेटकरांचे नाटक होईल का? नाही होणार. वसंत कानेटकर नाशिकमध्येच राहून लिहीत होते आणि त्यांच्या नाटकांना बंदिस्त रंगमंचच हवा. सार्वजनिक वाचनालयाचे परशुराम साईखेडकर नाट्यगृह आणि महाकवी कालिदास कलामंदिर यांनी नाशिकची हौशी आणि व्यावसायिक रंगभूमी जगवली, हे ऋण मोठे आहे. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेला अशी नाट्यगृहे नसती तर तिचे काय झाले असते? तेव्हा माझा विरोध नाट्यगृहांना नाही. पण नाट्यगृह ही एका प्रकारच्या कलेची गरज आहे. तीच सगळ्या कलांची कसोटी करणे चूक आहे. शिवाय विंचूरच्या प्रेक्षकाने नाशिकला जाऊन, रात्री उशिरा परतीची सोय पाहत नाटक बघावे, एवढीच व्यवस्था असेल तर कला त्याच्यापर्यंत पोचली असे म्हणता येत नाही. जी कला त्याच्या दारात येऊ शकते तिची जागा राखणे, हाच मग न्याय ठरतो.

तिसरा आक्षेप काळाचा. आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे. तंबूपाशी कोण जाणार? याचे उत्तर गावात डोळे उघडे ठेवून फिरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. अखंड हरिनाम सप्ताह गावोगाव भरतात आणि नावाजलेल्या कीर्तनकाराला ऐकायला हजारोंनी माणसे मांडी घालून बसतात. गणपती-नवरात्रात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, शिवजयंतीच्या आणि भीमजयंतीच्या पोवाड्या-गीतांना गर्दी होते. माणसांना एकत्र बसून ऐकण्याची भूक आजही आहे. कमी झाली आहे ती जागा. विंचूर हे हमरस्त्यावरचे गाव. लासलगावच्या बाजार समितीचा उपबाजार इथे आहे, वाइन पार्क इथे आहे, कांद्याच्या आणि द्राक्षांच्या वाहनांची वर्दळ आहे. अशा गावात रस्त्यालगतच्या प्रत्येक चौरस फुटाला भाव असतो. रुंदीकरण, गाळे, वाहनतळ, कुंपणे यांच्या रेट्यात मोकळी जागा टिकणे कठीण, आणि हे चित्र अशा प्रत्येक वाढत्या गावाचे आहे. जागेचा दुसरा शत्रू न दिसणारा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी घातली. सूट दिली ती प्रेक्षागृहे, सभागृहे अशा बंदिस्त जागांना. आजाऱ्यांची झोप आणि मुलांचा अभ्यास लक्षात घेता नियम रास्त आहे. पण त्याचा परिणाम असा की रात्रभर रंगणारा वग दहाच्या आत आटपावा लागतो. वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. परंतु हे दिवस मोठ्या सणांना वाटले जातात, त्यांत गावच्या यात्रेची रात्र बसेलच असे नाही. कायद्याला भिंती असलेले रंगस्थळ दिसते, भिंती नसलेले दिसत नाही.

मग करायचे काय? माझी मागणी खर्चिक नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार गावातली सरकारी जमीन ठरावीक कामांसाठी राखून ठेवता येते. गायरान, स्मशान, गावठाण, पडावाची जागा, खळे, बाजार अशी कामे त्यात नावानिशी आहेत आणि शेवटी इतर सार्वजनिक प्रयोजनही आहे. माणूस मेल्यावर त्याला जाळायला जागा लागते, पीक मळायला जागा लागते, हे ज्या कायद्याने ओळखले, त्याच कायद्याच्या आधारे गावाला एकत्र बसून ऐकायला-पाहायलाही जागा लागते, हे नोंदवून घेता येईल. ग्रामसभेने ठराव करावा, जिल्हाधिकाऱ्यांनी जागा राखावी आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत ‘कलाप्रयोग व यात्रा’ अशी नोंद व्हावी. नोंदीचे मोल आपण कमी लेखू नये. २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश राज्यांना दिले. पण जी जागा कागदावर सामायिक वापराची आहे तिलाच अशा निकालाचे कवच लाभते. त्या जागेवर मातीचा किंवा दगडी ओटा, विजेची स्वतंत्र आणि सुरक्षित जोडणी, पिण्याचे पाणी, आणि स्त्री-कलावंतांसाठी आतून कडी लागेल अशी कपडे बदलण्याची खोली व स्वच्छतागृह, एवढ्या चार गोष्टी असाव्यात. यातली शेवटची सर्वांत महत्त्वाची आहे. तंबूच्या आडोशाला, ट्रकच्या मागे आयुष्य काढणाऱ्या कलावंत स्त्रियांना आपण लोककलेची शान म्हणतो. ती शान एका कडीइतक्या सुरक्षिततेलाही महाग असावी हे लाजिरवाणे आहे. आणि ध्वनीच्या सवलतीतली एक रात्र प्रत्येक गावाच्या यात्रेच्या तिथीला राखून ठेवावी, म्हणजे नियमही राहील आणि वगही.

यावर शेवटचा आक्षेप असा येईल की जागा राखली तरी ती वर्षातून आठ-दहा दिवसच वापरात येईल. उरलेले दिवस ती ओस पडेल, आणि तेवढी जमीन गावाला परवडत नाही. पण मैदानाचे वैशिष्ट्यच हे की ते कुणा एकाच्या मालकीचे नसल्याने रोज कशाला ना कशाला उपयोगी पडते. तिथे पोरे खेळतील, आठवडे बाजार बसेल, कांदा वाळेल. जगात ज्यांनी अशा जागा राखल्या त्यांनी हेच केले. मोरोक्कोतल्या मराकेश शहराचा जमा अल-फना चौक दिवसा बाजार असतो आणि संध्याकाळी कथेकरी, गवई, खेळकरी यांचा फड. २००१ साली युनेस्कोने त्याला मानवजातीचा वारसा म्हणून घोषित केले ते तिथल्या जमण्यासाठी. काशीजवळच्या रामनगरची रामलीला महिनाभर गावभर हिंडते. अयोध्या इथे, लंका तिथे अशा तिच्या जागा गावाच्या नकाशातच ठरलेल्या आहेत आणि बाकी वर्षभर त्याच जागांत लोकांचे रोजचे जगणे चालते. २००३ च्या युनेस्को करारातील अमूर्त वारशाच्या व्याख्येतच सांस्कृतिक जागांचा उल्लेख आहे. म्हणजे वारशाची कल्पना इमारतीच्या पुढे जाऊन बराच काळ लोटला. आपली धोरणे मात्र अजून कोनशिलेपाशी थांबली आहेत.

कोल्हापूरचे नाट्यगृह पुन्हा उभे राहावे, दामोदरला त्याची जागा मिळावी, नाशिकच्या नाट्यगृहांची नीट निगा राहावी, यांतले काहीही कमी महत्त्वाचे नाही. पण आगीत गेलेली इमारत पैसे उभे करून परत बांधता येते. गाळे चढलेले यात्रेचे मैदान परत मिळत नाही, आणि दोन-तीन वर्षे चुकलेली तिथी पुन्हा सांधणे त्याहून अवघड. म्हणून प्राधान्य ठरवायचे झाले तर ते जे परत आणता येत नाही त्याला द्यायला हवे. विंचूरसारख्या गावाने येत्या ग्रामसभेत आपल्या खेळाच्या जागेवर एक ठराव केला, तर नाशिक जिल्ह्यातल्या एका रंगस्थळाला पहिल्यांदाच कायद्याच्या भाषेत नाव मिळेल. त्यासाठी मंत्रालयाच्या निधीची वाट पाहावी लागत नाही, वास्तुविशारद लागत नाही. गावाने हात वर करावे लागतात. शाहिरांच्या, जलसाकारांच्या आणि फडावर आयुष्य वेचलेल्या स्त्रियांच्या ऋणातून थोडेफार उतराई होण्याचा याहून सरळ मार्ग मला दिसत नाही.